चंद्रसुद्धा धाकटीलाच

जुलै संपत आला होता, तरी सकाळी हाडात शिरेल असा गारठा होता. खाडीवर धुकं असं बसलं होतं, की बिटर कोव्हच्या चिखलात ओणवी झालेली माणसं एकमेकांना दिसत नव्हती. नुसता शिंपल्या उकरायच्या काट्यांचा चुबूक चुबूक आवाज येत होता. ओहोटी पार खाली गेली होती. थर्झा ग्रिंडल आखूड दांड्याचा काटा चिखलात रुतवायची, अंगाकडे ओढायची आणि उलथलेल्या ढेकळातून शिंपल्या वेचून टोपलीत टाकायची. शिंपली हाती लागायच्या आधी पाण्याची चिळकांडी मारते. थर्झाच्या तोंडावर सकाळपासून अशा दोन-चार उडाल्या होत्या. तिने पुसल्या नव्हत्या. चिखलाच्या हाताने पुसून काय होणार?

अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावर शिंपल्या उकरणाऱ्याची बायको म्हणून तिचा जन्म चालला होता. मनगटं पुरुषासारखी, कंबर सकाळी सरळ व्हायला वेळ घेणारी आणि तोंड मात्र उठल्या उठल्या चालू होणारं. चाळिशी उलटून गेली होती. नवरा हॉलिस तिच्यापासून दहा पावलांवर उकरायचा. तो बोलायचा कमी, कारण जागा शिल्लक नसायची.

धुकं उठलं, की चिखलातून पहिलं काय दिसायचं, तर समोरच्या टेकाडावरचं लिओनाचं घर. लिओना तिची धाकटी बहीण. घर पांढरं, धुरांडं विटांचं, दाराला पितळी कडं. थर्झा काटा मारता मारता मान वर करून बघायची. आज पडदे धुतलेत. आज धूर लवकर निघाला. आज कुणाची तरी गाडी उभी आहे.

"तिकडे पाठ करून खण की," हॉलिस कधीतरी म्हणायचा.

"पाठ केली तर ती काय करतेय ते कसं कळणार?"

घर लिओनाला मिळालं याचं थर्झाला इतकं काही नव्हतं. लिओना आईजवळ राहिली, आईचं हगणंमुतणं तिने काढलं, घर तिचंच. पण आईने चंद्रसुद्धा तिलाच द्यावा?

बिटर कोव्हमध्ये वर्षाच्या बारा पुनवा बारा घरांत वाटलेल्या आहेत. लांडगेपुनव केझायाआजीची, दूधपुनव गिरणीवाल्यांची, गवतपुनव पुलापलीकडच्या बायकांची, असं एकेक. ज्या घरची पुनव, त्या घरच्या बाईने त्या सुमाराच्या शनिवारी गावाला पंगत घालायची. पंगत म्हणजे घेवडा. गावच्या सभागृहामागे दगड रचलेला खड्डा आहे, त्यात मेपलच्या लाकडाचे निखारे करायचे, बिडाच्या हंड्यात घेवड्याचे दाणे, खारवलेली डुकराची चरबी, काकवी, मोहरी, कांदा घालून हंडा मातीखाली पुरायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उकरून काढायचा. झाकण निघालं, की वासाने माणसं आपोआप रांगेत उभी राहतात. मग वर्षभर बोलणं चालतं: यंदा गवतपुनवेला काकवी जास्त झाली, शिकारपुनवेचा दाणा कच्चा होता. बाईचं गावातलं वजन त्या हंड्यावर तोललं जातं.

थर्झाच्या माहेरची फळपुनव. उन्हाळ्याची शेवटची, सफरचंदं लाल होतात तेव्हाची. आई गेली आणि घराबरोबर फळपुनव लिओनाकडे गेली, हंडाही गेला. तेव्हापासून दर सप्टेंबरात थर्झा बहिणीच्या पंगतीला जाऊन बसायची, पहिला घास तोंडात घ्यायची आणि शेजारणीला ऐकू जाईल इतपत म्हणायची, "मीठ कमीच आहे." मग दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

दोन-तीन वर्षांतून एकदा मात्र चंद्र जादा येतो. बारा घरांना बारा दिले, की एक उरतो. ती निळी पुनव. ती कुणाच्या नावावर नसते. म्हणून बारा घरच्या बायका मिळून, जिच्याकडे चंद्र नाही अशा एखादीला ती देतात. त्या बाईने पंगत घातली, की तिचं नाव गावात राहतं. नाही जमलं म्हणाली, तर पुन्हा तिचं नाव निघत नाही. मागच्या निळ्या पुनवा डाकवाल्याच्या बायकोला गेल्या, शिंपिणीला गेल्या, गावात येऊन वर्षही न झालेल्या एका बाईलासुद्धा गेल्या. थर्झा दर वेळी "मला कुठे हौस आहे!" म्हणायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

या वर्षी तिचं नाव निघालं होतं.

त्या सकाळी शेजारच्या उकरलेल्या चिखलाच्या ढिगाआडून व्हर्ना ओरडली. व्हर्नाही शिंपल्याच उकरायची. "काय गो थर्झे, तीन आठवड्यांवर आली की तुझी पंगत!"

"तीन कसले? सप्टेंबरात आहे माझी."

"ऑगस्टात आहे."

"व्हर्ने, सकाळीच घेतलीस का काय? मोज की. उन्हाळ्याच्या पुनवा तीन. यंदा चार आल्यात. गवतपुनव झाली, धान्यपुनव आत्ता झाली. ऑगस्टात फळपुनव, म्हणजे आमच्या राणीसरकारची. मागे उरली ती जादाची. माझी. पाळण्यातलं पोर सांगेल."

व्हर्नाने काटा चिखलात रोवला आणि कमरेवर हात ठेवून हसली. "अगो बये, चार असल्या की तिसरी निळी असते. चौथी नाही."

"कुणी ठरवलं? लिओनाने?"

व्हर्ना हसायची थांबली, कारण थर्झाचा चेहरा उतरला होता. थर्झाने पुढचा काटा इतक्या जोरात मारला, की दोन शिंपल्या फुटल्या. फुटलेली शिंपली विकत कुणी घेत नाही.

तिचं सगळं गणित सप्टेंबरवर होतं. आई गेली त्या दिवशी तिच्या एप्रनच्या खिशात मूठभर घेवडा सापडला होता, पिवळ्या डोळ्याचा, आईने स्वतः राखलेल्या बियाण्यातला. थर्झाने तो कुणाला न सांगता उचलला होता. दर वर्षी लावून, वाळवून, पुन्हा लावून यंदा कुठे पंगतीपुरता होईल इतकी रोपं झाली होती. लिओनाने ते बियाणं केव्हाच सोडलं होतं, ती दुकानातला पांढरा घेवडा घालायची. म्हणजे लोकांनी एक घास घ्यावा, डोळे मिटावेत आणि म्हणावं, अरे, ही तर थर्झाच्या आईची चव. हंडा कुणाकडे आहे ते बघा आणि चव कुणाकडे आहे ते बघा. एवढ्यासाठी तिने चार वर्षं वाट पाहिली होती. पण शेंगा वाळणार सप्टेंबरात. ऑगस्टात त्या हिरव्याच असणार.

भरती चढली तशी ती टोपली हॉलिसच्या पुढ्यात टाकून तडक केझायाआजीकडे गेली. केझायाआजी बारा घरांतली सगळ्यात म्हातारी. ओसरीवर बसून वाटाणे सोलत होती.

"आजी, निळी पुनव तिसरी का?"

"ये, बस. चिखल पायरीवरच काढ."

"चौथी का नाही? जादा आलेलं शेवटी मोजतात."

आजीने दोन शेंगा सोलल्या, मग विचारलं, "सभागृहातल्या बाकावर टोकाला कोण बसतं?"

"एनॉसकाका."

"का?"

"टोकाला शेगडी आहे. त्यांचे गुडघे शेकतात."

"आणि पाहुणा जादा आला तर? एनॉसला उठवून त्याला टोकाला बसवतेस?"

"छे! मध्ये सरकवून घेतो."

"मग? फळपुनव टोकाची आहे गो. रात्र न् दिवस सारखे व्हायच्या आधीची शेवटची. तिला ऑगस्टात ओढलीस, तर काय चारशील लोकांना? हिरवी सफरचंदं? सगळे पोट धरून बसतील. जिची तिची जागा ठरलेली आहे. जिची जागा नाही, तिने मध्ये बसायचं."

हे आजी चंद्राबद्दल बोलत होती. थर्झाने ते स्वतःबद्दल ऐकलं.

"म्हणजे माझी जागा नाही."

"तुझं नाव घेतलंय ना आता? मग कशाला रडतेस? आणि घेतलं कुणी माहितेय? लिओनाने. बाकीच्या डॉक्टरच्या बहिणीला द्यायच्या बेतात होत्या. लिओना अडूनच बसली, म्हणाली, आधी माझ्या ताईला."

थर्झा उठली. आजीच्या मांडीवरची एक शेंग उचलून तिने उगाचच मोडली.

"दान घातलंन मला," ती म्हणाली. "स्वतःच्या ताटातला तुकडा टाकावा तसं."

"थर्झे, तुझं पोट दुखतंय ते वाटाण्याने नाही दुखत," आजी म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

पुढचे दिवस थर्झाने घेवड्याच्या वाफ्याशी काढले. शेंग चाचपून बघायची, सोलून बघायची. दाणे हिरवे, मऊ, डोळा अजून उमटलेलाही नाही. रागावून काय उपयोग, पण ती त्यांच्यावरही रागवायची.

अशात एका दुपारी लिओना आली. डोक्यावर निळी टोपी, हातात पांढऱ्या घेवड्याची काचेची बरणी.

"आत येऊ का ताई?"

"दार उघडंच आहे. तुझ्यासारखं पितळी कडं नाहीये त्याला."

लिओना उंबऱ्यातच थांबली. "गेल्या वर्षीचा घेवडा आहे माझ्याकडे. आणखी पोतंभर देते. आईचा हंडाही ने. लागेल तो."

"म्हणजे लोक म्हणतील, लिओनाचा घेवडा, लिओनाचा हंडा. मी काय करायचं? पळी धरून उभी राहू?"

"कुणी असं म्हणत नाही गो."

"मी म्हणते ना! तुझ्या जागी मी असते तर म्हटलंच असतं."

"मग काय वाढणार आहेस?"

"ते माझं मी बघीन."

"नाही जमलं तर नाव जाईल तुझं. पुन्हा निघायचं नाही."

"तुला तेच तर हवंय."

"तेच हवं असतं तर तुझं नाव कशाला घेतलं असतं?"

"ते का घेतलंस तेच मला कळत नाहीये!" थर्झा ओरडली. बाहेर कोंबड्या फडफडल्या.

लिओना बरणी पायरीवर ठेवून निघून गेली. बरणी तिथेच राहिली. थर्झा येता-जाता तिला वळसा घालून जायची.

"सभागृहाचा जुना हंडा मागू," हॉलिस जेवताना म्हणाला. "आणि घेवडा दुकानातून..."

"दुकानातला ती घालते."

"मग?"

थर्झाने ताटातली शिंपली उघडली, मांस लोण्यात बुडवलं, तोंडात टाकलं. चावता चावता थांबली.

"शिंपल्या वाढते."

हॉलिस हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "पंगतीला? अगो, घरात दुसरं काही नसलं की खातात लोक शिंपल्या. गिरणीवाली नाक मुरडेल."

"मुरडू दे. तुझ्या बापाच्या दांड्यावरच्या वाढते."

लिओनाच्या टेकाडामागे, घरातून दिसत नाही आणि वाटही नाही अशा ठिकाणी रेतीचा एक दांडा आहे. एरवी तो पाण्याखाली असतो. पुनवेच्या उधाणाला ओहोटी जेव्हा तळ दाखवते, तेव्हा तासभर डोकं वर काढतो. तिथल्या शिंपल्या तळहाताएवढ्या आणि तरी लोण्यासारख्या मऊ. हॉलिसच्या बापाने मुलाला दाखवला, मुलाने बायकोला. चौथ्या माणसाला माहीत नव्हता.

पुनव शनिवारीच आली. शुक्रवारी पहाटे आणि शनिवारी पहाटे, दोन्ही दिवस पाणी असं मागे सरलं, की समुद्र कुठे गेला म्हणावं. दोघांनी तोंडातून शब्द न काढता खणलं. व्हर्नाने विचारलं, "कुठे होतात गो सकाळी?" थर्झा म्हणाली, "झोपलो होतो."

दुपारी सभागृहामागच्या खड्ड्यात तिने जाळ केला. दगड लाल झाले. त्यावर ओलं समुद्रशेवाळ टाकलं, तशी खारी वाफ भसकन उठली. मग शिंपल्या, वर कणसं, वर बटाटे, पुन्हा शेवाळ, आणि सगळ्यावर जुनं शीड ओलं करून पांघरलं. खड्ड्यात हंडा नाही ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही.

संध्याकाळी माणसं आली, बाकांवर बसली. ताटं कोरी. गिरणीवालीने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी छताकडे बघू लागल्या. तेवढ्यात दारातून लिओना आणि तिचा नवरा आत आले. दोघांच्या मध्ये, जाड फडक्यांत धरलेला, आईचा हंडा.

"घरीच शिजवलाय," लिओना हळूच म्हणाली. "असू दे बाजूला. लागला तर."

झाकण सरकलं. काकवीचा वास सभागृहभर झाला. सगळ्या माना तिकडे वळल्या. थर्झाच्या छातीत कुणीतरी काटा रुतवून ओढावा तसं झालं. तिची एक पंगत. जन्मातली एक. आणि त्यातही ही हंडा घेऊन हजर. तिला वाटलं, तो हंडा उचलावा आणि सरळ खाडीत नेऊन ओतावा. तिने उचलला नाही, कारण तो आईचा होता.

ती बाहेर गेली आणि शीड ओढून काढलं.

वाफ आत गेली ती तिच्या आधीच. पाटी भरभरून शिंपल्या आल्या, सगळ्या उघडलेल्या, आत पिवळसर मांस, बाजूला वितळलेलं लोणी. पहिली पाटी तिने टोकाला, एनॉसकाकांपुढे ठेवली. म्हाताऱ्याने एक उचलली, निरखली, तोंडात टाकली. सगळे त्याच्या जबड्याकडे बघत होते. तो सावकाश चावत राहिला. मग काही न बोलता त्याने पाटी स्वतःकडे ओढून घेतली आणि कोपर आडवं धरलं, दुसऱ्या कुणाचा हात पोचू नये म्हणून.

"अहो काका, बाकीच्यांना?" कुणीतरी म्हणालं.

"बाकीच्यांना घेवडा आहे," काका म्हणाले.

मग जी झुंबड उडाली! गिरणीवालीच्या हनुवटीवरून लोणी ओघळत होतं आणि तिला ते पुसायलाही फुरसत नव्हती. हंड्यातलंही लोकांनी घेतलं, नाही असं नाही. थर्झाची एक नजर पळीवर होतीच. कुणी दोनदा घेतलं तेही तिने पाहिलं. पण सगळं आटोपलं तेव्हा शेवाळात एक शिंपली उरली नव्हती आणि हंड्यात चांगला वीतभर थर शिल्लक होता. तो थर तिने दोनदा जाऊन बघितला.

बाहेर चंद्र उगवत होता. माणसं पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. पाण्यावरून वर आला तो चांगला तांबूस-पिवळा, पिकल्या भोपळ्यासारखा.

"निळा कुठेय?" व्हर्ना म्हणाली.

"निळा कधीच नसतो," केझायाआजी म्हणाली. "माझी आजी सांगायची, ज्याला नाव द्यायला काही पिकलेलं नसतं, ना गवत, ना धान्य, ना फळ, त्याला नुसता रंग दिला. तोही खोटा. पण लक्षात तोच राहतो मेला."

लिओना पायरीच्या कडेला एकटी बसली होती. पुढ्यात शिंपल्यांच्या रिकाम्या टरफलांचा ढीग. थर्झा हंडा परत करायला गेली.

"मीठ कमी होतं," थर्झा म्हणाली.

"असेल," लिओना म्हणाली. तिने एक टरफल उलटंसुलटं केलं. "ताई, या आपल्या चिखलातल्या नाहीत. कुठल्या गो?"

"समुद्रातल्या."

"सांग ना."

"कशाला?"

"पुढच्या महिन्यात माझी पंगत आहे. आता मी काय वाढू? तोच हंडा, तोच घेवडा. दर वर्षी तेच. मला कधी कुणी विचारलं नाही, लिओने, यंदा काय करणार आहेस. आईने ठरवून दिलं, मी करतेय. कुणाला आठवत नाही कुठली पंगत कुठल्या वर्षीची. तुझी आठवेल. म्हातारे होईपर्यंत सांगतील, थर्झाच्या निळ्या पुनवेला म्हणून..." ती थांबली. "माझ्यामुळे तुझं नाव निघालं. कुठल्या ते तरी सांग."

तिच्या डोळ्यांत जे होतं, ते थर्झाने पूर्वी पाहिलं होतं. खिडकीच्या काचेत, टेकाडावरच्या घराकडे बघताना, स्वतःच्या तोंडावर. तिला बहिणीची दया आली. त्याहून जास्त, तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की कंबरसुद्धा दुखायची थांबली.

"नाही सांगत," ती म्हणाली.

"एप्रनच्या खिशातल्यासारखंच," लिओना म्हणाली.

थर्झा दचकली. "तुला माहीत होतं?"

"मीच धुवायला घेतला होता तो एप्रन. दाणे आधी पाहिले होते. वाटलं, एवढं तरी तुला असू दे." लिओनाने हंडा मांडीवर घेतला. "सप्टेंबरात वाळतील ना शेंगा? आईची चव मला साधत नाही. फळपुनवेला दिलेस थोडे, तर..."

चंद्र एव्हाना वर चढून लहान आणि पांढरा झाला होता, बाकीच्या बारा चंद्रांसारखाच.

"बघू," ती म्हणाली. "मागायला दारात यावं लागेल पण."

रविवारी बिटर कोव्हमध्ये कुणी चिखलात उतरत नाही. सोमवारी सकाळी धुकं पातळ होतं. थर्झा काटा आणि टोपली घेऊन उतारावरून खाली आली, तर टेकाडावर, पांढऱ्या घराच्या पायरीवर, निळी टोपी घातलेली लिओना उभी. हात कपाळावर आडवा धरून ती बघत होती, बहीण कुणीकडे वळते ते.

"बघतेय गो," हॉलिस म्हणाला.

"बघू दे."

टेकाडामागच्या दांड्याकडे थर्झाने मानसुद्धा वळवली नाही. रोजच्या जागी गेली, लिओनाला नीट दिसेल अशी. टोपली खाली ठेवली, आयुष्यात पहिल्यांदा त्या घराकडे पाठ केली, ओणवी झाली आणि चिखलात काटा घातला.